आत्या टीव्ही तपासायची

नवीन राज्य झालं, रायपूरची राजधानी झाली, सरकारी बंगल्यांना रंग लागले, लाल दिव्यांच्या गाड्या पळू लागल्या आणि काल-परवापर्यंत पानठेल्यावर निवांत उभा असणारा जो तो एकदम घाईत दिसायला लागला. पण त्या सगळ्या धामधुमीत, टीव्हीवर दिसणाऱ्या समस्त भारतीय जनतेच्या प्रकृतीची काळजी अख्ख्या राजधानीत एकाच व्यक्तीला होती, आणि ती व्यक्ती गुढियारीत, रेल्वेलाइनीच्या मागच्या दोन खोल्यांच्या घरात, लाकडी स्टुलावर ताठ बसून असायची. ती माझी मोठी आत्या. रेल्वेच्या दवाखान्यात तिनं उभी हयात नर्स म्हणून काढली आणि मेट्रन होऊन निवृत्त झाली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "साठ खाटा सांभाळून राहिली होती, घरी अजून एक काहून वाढवू?"

निवृत्तीनंतरचा पहिला महिना तिनं घरातल्या घरात राउंड घेण्यात घालवला. पलंगाच्या चादरीचे कोपरे दिवसातून चारदा ताठ केले, आजूबाजूच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं बीपी मोजून टाकलं, आणि पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, माणसं तिला लांबून पाहिलं की गल्ली बदलायला लागली. दुसऱ्या महिन्यात तिनं टीव्ही घेतला. मी तेव्हा मंत्रालयात कारकून होतो आणि दोन गल्ल्या सोडून राहायचो. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मुलीला घेऊन आत्याकडे जायचं हा शिरस्ता होता, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मालिकांना तिनं पहिल्याच आठवड्यात नारळ दिला. "ते खोटे लोकं आहेत बापू. शुक्रवारी मरते, सोमवारी पावडर लावून उभे राहते. अशा माणसाले काय तपासू?" मग फिरता फिरता तिच्या हाती रिअ‍ॅलिटी शो लागले, आणि आत्याला तिची ओपीडी परत मिळाली. "इकडे पाय, हे खरे लोकं. यांची नाडी चालून राहिली," ती मला म्हणाली. चेहऱ्यावर असं समाधान, की निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेतानासुद्धा ते दिसलं नव्हतं.

गाण्याच्या स्पर्धा तिच्या सर्वांत आवडत्या, कारण तिथे माणसं आपणहून तोंड उघडतात. "एवढा मोठा आ तर आमच्या डॉक्टरसमोर कोणी करत नव्हतं," हे ती कौतुकानं म्हणायची. समोर पंजाबातला एखादा मुलगा डोळे मिटून, एक हात हवेत नेऊन तान घेत असायचा, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत असायचे, आणि आत्या चष्मा नाकावर खाली ओढून म्हणायची, "डावा टॉन्सिल सुजला आहे." माझी मुलगी नववीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. ती कळवळून म्हणायची, "आजी, गाना तो सुनो!" "ऐकून राहिली ना. नाकातून येऊन राहिलं. हाड वाढलं आहे नाकात." नाचाच्या कार्यक्रमात ती चेहऱ्यांकडे बघायचीच नाही. तिचं सगळं लक्ष गुडघ्यांवर आणि घोट्यांवर. एकदा एक उंच मुलगा तीन कोलांट्या मारून उभा राहिला. स्टुडिओ दणाणला. आत्या म्हणाली, "उजव्या पायावर वजन देऊन नाही राहिला. लपवून राहिला." पुढच्या आठवड्यात तो मुलगा उजव्या घोट्याला पट्टी बांधून आला, तेव्हा आमच्या पाऱ्यातल्या बायकांनी आत्याकडे अशा नजरेनं पाहिलं की विचारू नका. त्यानंतर शनिवारी तिच्याकडे बसायला जागा मिळेना.

सगळीच निदानं बरोबर यायची असं मात्र नाही. एका पावसाळ्यात जवळजवळ महिनाभर आत्या अतिशय अस्वस्थ होती. तिच्या म्हणण्यानुसार देशात काविळीची साथ पसरली होती आणि सरकार ती लपवत होतं. परीक्षकांना कावीळ, स्पर्धकांना कावीळ, सूत्रसंचालकाला तर बरीच पुढे गेलेली. तिनं दिल्लीला पोस्टकार्ड लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात टीव्हीवाला मिस्त्री दुसऱ्या कामासाठी आला आणि त्यानं मागचा एक स्क्रू फिरवला. क्षणात सगळा देश बरा झाला. आत्या त्या मिस्त्रीवर पुढे कित्येक दिवस नाराज होती.

एका घरात पंधरा माणसं कोंडून चोवीस तास त्यांच्यावर कॅमेरे लावायचा जो कार्यक्रम असतो, तो तिला बेशिस्त वॉर्ड वाटायचा. कोण कुणाशी भांडलं, कोण कुणाच्या प्रेमात पडलं, याच्याशी तिला काही देणंघेणं नसे. सकाळी उठल्यावर आपली चादर कोण घडी करतं, तेवढं ती बघायची आणि त्यालाच जिंकवायची. त्या घरात छतातून एक जाड आवाज हुकूम सोडतो. त्याच्याबद्दल मात्र तिला नितांत आदर होता. "हाच एक शहाणा माणूस. पेशंटले तोंड दाखवत नाही आन् जास्त बोलत नाही. आमचे मोठे डॉक्टर अस्सेच होते." स्वयंवराच्या कार्यक्रमात नटलेल्या नवऱ्या मुलीसमोर दहा नवरदेव हात जोडून उभे राहिले की ती टीव्हीला ओरडून विचारायची, "सिकलसेलचा रिपोर्ट कोणी आणला का?" आमच्या भागात हा रक्ताचा आजार घरोघरी, त्यामुळे तिनं नात्यातली दोन लग्नं असा प्रश्न विचारून थांबवली होती आणि त्यातल्या एका घरात आम्हाला अजून चहा मिळत नाही. प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात लहान गावचा एखादा मास्तर त्या उंच खुर्चीवर बसायचा, घामानं डबडबायचा, आणि समोरचा मोठा माणूस त्याला पुन्हा पुन्हा विचारायचा, पक्कं का, पक्कं का. आत्याला ते सहन व्हायचं नाही. "अरे, बीपी पाय त्याचं! पाणी दे!" आणि खरंच उठून टीव्ही बंद करायची. आम्ही ओरडलो की म्हणायची, "दोन मिनिटं बसू द्या त्याले."

आणि कुणी स्पर्धेतून बाहेर पडलं, आई-बाप ढसढसा रडायला लागले, मागे सारंगी वाजायला लागली, की आत्याकडे जमलेल्या सगळ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. आत्या समाधानानं स्टुलावरून उठायची. "चला. डिस्चार्ज झाला. आता पोरगं घरी जाऊन झोपन." तिच्या हिशेबी घरी पाठवणं ही शिक्षा नव्हतीच. मोबाइलवरून मत द्यायला ती शिकली तेव्हा ती मतं अशीच द्यायची: ज्याची तब्येत बिघडली आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना, म्हणजे तो सुटेल. माझ्या मुलीनं तिला मतदानाचा खरा अर्थ तीनदा समजावून सांगितला. तिसऱ्यांदा आत्या म्हणाली, "समजलं मले. तुमचं चुकून राहिलं."

हे असं मजेत चाललं असताना इथल्याच एका नव्या वाहिनीनं नव्या राज्याचा आवाज शोधायला घेतला. गावोगावची मुलं आली, आणि त्यांत रायपूरच्याच वेशीवरच्या भनपुरीची एक मुलगी निघाली. वय एकोणीस. बाप ट्रक चालवायचा, आई घरी. घर ट्रान्सपोर्टच्या गोदामांमध्ये, जिथे दिवसभर हॉर्नशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. कदाचित म्हणूनच ती इतक्या वरच्या पट्टीत गायला शिकली असेल. तिचा आवाज वर चढायचा आणि चढतच राहायचा, आणि आपण खाली उभे राहून पतंग बघावा तसं ऐकत राहायचो. छत्तीसगढी गाणं ती म्हणायची तेव्हा आमच्या ऑफिसातले कडक साहेबसुद्धा दुसऱ्या दिवशी गुणगुणत फाईल मागायचे. माझी मुलगी तर तिच्यासाठी वेडी झाली होती. आत्या तिला नुसती "भनपुरी" म्हणायची, जशी वॉर्डात ती माणसांना खाटेच्या नंबरानं ओळखायची.

उपांत्य फेरीच्या दिवशी त्या मुलीनं गाण्याआधी स्टेजवर दोन घोट पाणी प्यायलं. बस, तेवढंच. कॅमेरा जवळ होता. आत्या स्टुलावरून उठली, टीव्हीपाशी गेली आणि पडद्यावर, मुलीच्या गळ्याच्या जागी, बोट टेकवून उभी राहिली. मागून बायका ओरडल्या, "बाई, सरकिए ना!" आत्या हलली नाही. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तेव्हा ती वळली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"बापू, गाठ आहे तिच्या गळ्यात. गिळताना वर सरकली."

"आत्या, दागिना असेल."

"दागिना गिळताना वर जाते का? आन् तिच्या हाताकडे पाय. माइक हलून राहिला. घाबरून नाही, बोटं बारीक थरथरून राहिले. मागच्या महिन्यात ब्लाउज अंगाला बसत होता, आज ढिला आहे. डोळे मोठे झाले."

मी काविळीची आठवण करून दिली. ती चिडली नाही. चिडली असती तर मी सोडून दिलं असतं. ती फक्त म्हणाली, "तेव्हा सगळे पिवळे होते. आज एकटीच आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं वाहिनीच्या कचेरीत फोन लावला. मी शेजारी होतो. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "जी, आप किसको वोट देना चाहती हैं?" आत्या म्हणाली, "मैं वोट नहीं दे रही, मैं उस भनपुरी वाली लड़की की गर्दन की बात कर रही हूँ." पलीकडचा आवाज म्हणाला, "धन्यवाद, आपका वोट दर्ज हो गया." असं तीनदा झालं. म्हणजे आत्याच्या हातून त्या आजारी मुलीला चक्क तीन मतं गेली. यापेक्षा मोठा अपराध तिच्या लेखी दुसरा नव्हता. तिनं फोन ठेवला आणि कपाट उघडलं. पांढरी साडी काढली.

दुपारी मी तिला स्कूटरवर घेऊन, जिथे फायनलची तालीम चालायची त्या हॉलवर गेलो. फाटकावर दोन रखवालदार होते, आत जायला पास लागत होता, आमच्याकडे काही नव्हतं. मी खाली उतरून काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो. आत्यानं ती केली नाही. पांढरी साडी, हातात काळी पर्स, मनगटावर उलटं बांधलेलं घड्याळ, आणि राउंडला निघालेल्या मेट्रनची चाल. रखवालदार उभे राहिले. एकानं तर बिडी विझवली. मी तिच्यामागे, आपणही या खात्याचेच आहोत असा चेहरा करून, आत गेलो.

मागच्या खोलीत आरशासमोर ती मुलगी बसली होती, आई तिची वेणी घालत होती. आत्यानं सांगितलं ते थोडक्यात आणि हिंदीत सांगितलं. आईचे हात वेणीत थांबले. मग ती उठून मध्ये उभी राहिली. "कोन भेजे हे तुमन ला?" तुम्हाला कुणी पाठवलं? तिला वाटलं, दुसऱ्या एखाद्या स्पर्धकाची ही माणसं, फायनलच्या तोंडावर पोरीला घाबरवायला आली. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आत्या म्हणाली, "किसी ने नहीं. टीव्ही पे देखा." हे वाक्य त्या परिस्थितीत किती वेडगळ वाटतं ते मला त्या खोलीत उभं राहून कळलं.

"एक घूँट पानी पी बेटा," आत्या मुलीला म्हणाली. मुलगी काय समजली कोण जाणे, पण प्यायली. आत्यानं मागे उभं राहून दोन्ही हातांची बोटं तिच्या गळ्यावर ठेवली, डोळे मिटले. मग मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत बसली. मिनिट पूर्ण झालं. "एकशे अठरा," ती मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाली. मुलीला मराठी येत नव्हतं, पण आकडा चांगला नाही हे तिला कळलं. तिनं हात ओढून घेतला आणि रडायला लागली. काजळ ओघळलं. तेवढ्यात कार्यक्रमाचा मॅनेजर धावत आला, आणि आम्हाला ज्या मानानं आत घेतलं होतं त्याच्या बरोबर उलट मानानं बाहेर काढण्यात आलं. जाता जाता आत्यानं आईच्या मुठीत एक चिठ्ठी कोंबली. त्यावर तपासणीचं नाव आणि गुढियारीचा पत्ता होता.

घरी आल्यावर तिनं पांढरी साडी घडी करून कपाटात ठेवली. मला वाटलं, झालं, विषय मिटला. पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मायलेकी ऑटोतून गुढियारीत उतरल्या. आई दारातच म्हणाली, "रोज पसीना आता है इसको। हम समझे, स्टेज का डर है." आत्यानं त्यांना आत घेतलं, चहा दिला, चहात साखर जास्त घातली, आणि त्याच दिवशी स्वतः सोबत जाऊन डॉक्टरांपुढे उभं केलं. रक्त दिलं, सुई टोचून गाठ तपासली. डॉक्टर आत्याच्या ओळखीचे, सरळ माणूस. ते म्हणाले, गाठ थायरॉइडची आहे, नाडी तिच्यामुळेच पळते, ती काढावी लागेल, फार लांबवू नका, पण आधी गोळ्या देऊन नाडी खाली आणू. मुलीनं एकच प्रश्न विचारला. "गा पाऊँगी?" डॉक्टर म्हणाले, "बोलोगी ज़रूर. गाने का मैं पक्का नहीं कह सकता. आवाज़ की नस गाँठ से लगकर ही जाती है."

फायनल नऊ दिवसांवर होती. आईचं म्हणणं, आता गाणंबिणं बंद. बाप ओडिशात माल पोचवायला गेलेला, त्याचंही फोनवरून तेच म्हणणं. मुलगी आत्याकडे बघत होती, कारण हे सगळं आत्यानंच केलं होतं. आत्या डॉक्टरांना म्हणाली, "सर, नऊ दिवसात गोळीनं किती खाली येईन?" त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, त्या दिवशी नाडी शंभरच्या खाली असली तर एक गाणं म्हणू द्या. शंभरच्या वर असली तर नाही. मोजायचं काम आत्याचं.

ते नऊ दिवस आत्यानं टीव्ही लावला नाही. रोज सकाळी शेअर ऑटोनं भनपुरीला जायची, नाडी मोजायची, परत यायची. माझी मुलगी रोज विचारायची, "आजी, आज कितना?" एकशे बारा. एकशे दहा. एकशे आठ. पुन्हा एकशे दहा. निवडणुकीच्या निकालासारखे ते आकडे आमच्या पाऱ्यात फिरायचे.

फायनलच्या दिवशी आईनंच आमच्यासाठी पास मागून घेतले, आणि संध्याकाळी त्याच मागच्या खोलीत आत्या त्या मुलीचं मनगट धरून बसली. आई भिंतीला टेकून उभी. मॅनेजर दारात, घड्याळ बघत. मी त्याच्या मागे. आत्यानं पूर्ण मिनिट मोजलं. मग पुन्हा एक मिनिट मोजलं. मुलीनं श्वास धरून ठेवला होता, त्यानं नाडी कमी होते असं तिला वाटत असावं. आत्यानं हात सोडला. "अट्ठानवे," ती म्हणाली. "जा. एकच गाना. और ऊपर जाना है तो जा, डर मत."

ती गायली. मी काही गाण्यातला जाणकार नाही. एवढंच सांगतो, की शेवटच्या कडव्यात ती त्या वरच्या सुरावर गेली आणि तिथे थांबली, आणि हॉलमधल्या हजार माणसांत एकाचीही खुर्ची वाजली नाही. आत्या पडद्याच्या बाजूला पाण्याचा ग्लास धरून, मुलीच्या गळ्याकडे बघत उभी होती. मुलगी तिसरी आली. माझी मुलगी परीक्षकांना शिव्या देत घरी आली. मी आत्याला स्कूटरवरून परत आणत होतो. रेल्वेच्या फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा ती मागून म्हणाली, "एकशे चार होते."

मला आधी कळलंच नाही.

"एकशे चार होते बापू. दोनदा मोजले. जन्मात कधी चार्टवर खोटा आकडा नाही लिहिला." मालगाडी जात राहिली. शेवटचा डबा गेला, फाटक उचललं. "एखाद्याले आपण घरी पाठवतो म्हणजे काय करतो, ते मले आज त्या खोलीत समजलं," ती म्हणाली. मग लगेच, "चाल, चाल, मागचा हॉर्न देऊन राहिला."

दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आणखी वर्षभर थांबला असतात तर गोष्ट वेगळी होती. पाऱ्यातल्या बायकांनी आत्याला हार घातला, तो तिनं लगेच काढून दाराला लावला. कारण आवाज परत आला, पण सगळा आला नाही. बोलणं ठीक, खालचं गाणंही ठीक. वरचं गेलं. ती जिथे जाऊन थांबायची, तिथवर आता रस्ताच नव्हता. सुरुवातीला बोलायची मनाई होती तेव्हा आत्या टाके बघायला भनपुरीला जायची, आणि मुलगी पाटीवर लिहून उत्तरं द्यायची. एकदा तिनं लिहिलं, "आप क्यों आती हैं?" आत्या म्हणाली, "टाँके देखने." मुलीनं ते पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आत्या तिथेच बसून राहिली. मला सांगताना म्हणाली, "राग आलाच पाहिजे. तब्येत सुधरून राहिली म्हणजे."

राग किती दिवस टिकला मला माहीत नाही. आत्या सांगायची नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलेली वार्षिक तपासणी आली, तेव्हा ती मुलगी एकटीच गुढियारीत येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चलना है?" त्यानंतर दरवर्षी ते ठरूनच गेलं. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग दोघींनी गोलबाजारात जाऊन पोहे खायचे आणि काहीतरी निरुपयोगी विकत घ्यायचं: चाळणी, रिबीन, एकदा तर पितळेचा भलाथोरला झारा, जो दोघींपैकी कुणाच्याच कढईत मावला नाही. मुलगी एका शाळेत लहान पोरांना गाणं शिकवायला लागली. तिचं लग्न झालं, ती भिलाईला गेली, तरी दिवाळीनंतर यायची. आत्या आम्हाला रिपोर्टचे आकडे सांगायची, पोह्यांबद्दल तक्रार करायची. त्या दोघी एवढा वेळ काय बोलायच्या ते काही सांगायची नाही.

आत्या गेली ती उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं, कुणाला फारसा त्रास न देता. त्या वर्षी दिवाळी झाली आणि एका सकाळी माझ्या दारात ती मुलगी उभी. आता मुलगी कसली, अंगानं भरलेली बाई, गळ्यावर बारीक पांढरी रेघ. म्हणाली, "भैया, जाँच है आज। अकेले जाने की आदत नहीं है." मी ऑफिसात फोन करून रजा टाकली.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. डॉक्टरांना काय विचारायचं असतं, रिपोर्टात कुठला आकडा बघायचा, मला काहीच येत नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं. तिनं मला आपली पर्स धरायला दिली. बराच वेळ आम्ही समोरच्या रांगेकडे बघत होतो. मग ती हळूच म्हणाली, "भैया, वो कोने वाले अंकल देखो। पैर में सूजन है."

मी पाहिलं. होती.